किडनी बदललेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पोकळी: टीबी की बुरशी?

विचारलेला प्रश्न असा आहे: "माझ्या ३८ वर्षांच्या धाकट्या भावाचे सोळा महिन्यांपूर्वी किडनीचे प्रत्यारोपण झाले, किडनी आईने दिली. पाच महिन्यांपूर्वी रिजेक्शन झाले, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारू लागले, म्हणून तीन दिवस स्टिरॉइडची मोठी इंजेक्शने द्यावी लागली आणि तेव्हापासून साखर वाढलेलीच आहे. तीन आठवड्यांपासून संध्याकाळी कणकण येते, खोकला आहे आणि एकदा बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात साडेतीन सेंटिमीटरची, आतून पोकळ गाठ आहे. गावाकडचे डॉक्टर म्हणतात की हा टीबीच आहे, औषध लगेच सुरू करा. प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टरांना बुरशीचा संशय आहे आणि ते ब्रॉन्कोस्कोपी करायला सांगतात. इतक्या अशक्त माणसाला दुर्बीण घालणे खरेच गरजेचे आहे का? किडनी वाचेल का? आणि आईला वाटते की हे तिच्याच किडनीतून आले. तसे असू शकते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. होय, ब्रॉन्कोस्कोपी करावी, आणि ती पुढच्या आठवड्यात नव्हे, शक्य असल्यास उद्या-परवाच करावी. आपल्या भावाचे कागद किंवा सीटीच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना नेमके काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही. परंतु खरी अडचण हीच आहे की केवळ फिल्म पाहून ते कोणालाच सांगता येणार नाही, माझ्यासारख्या वीसेक वर्षे हेच काम करणाऱ्यालाही नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या फुप्फुसातील पोकळी टीबीची असू शकते, अ‍ॅस्परजिलस किंवा म्युकर या बुरशींची असू शकते, नोकार्डिया नावाच्या जीवाणूची असू शकते, आणि क्वचित क्रिप्टोकॉकस किंवा हिस्टोप्लाझ्माचीही. या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे, आणि त्यातील बहुतेक औषधे किडनीवर किंवा किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांवर परिणाम करतात. इतर रुग्णांच्या बाबतीत अंदाजाने उपचार सुरू करून आठ दिवस वाट पाहणे कधीकधी चालून जाते. प्रत्यारोपणाच्या रुग्णात मात्र चुकीच्या अंदाजाची किंमत फुप्फुस आणि किडनी दोघांनाही मोजावी लागते.

गावाकडच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आपल्या देशात वरच्या भागातील पोकळी, संध्याकाळचा ताप आणि रक्ताची रेघ हे तिन्ही एकत्र आले की टीबी मनात येणे अगदी योग्य आहे, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत टीबीचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक असते. मात्र टीबीच्या नेहमीच्या औषधांतील रिफॅम्पिसिन हे यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना इतके चेतवते की टॅक्रोलिमस या किडनी टिकवणाऱ्या मुख्य गोळीची रक्तातील पातळी काही दिवसांत धाडकन खाली येते. त्याच कारणाने व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचे औषधही रिफॅम्पिसिनसोबत जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यानंतरही हा परिणाम आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. म्हणजे टीबी समजून रिफॅम्पिसिन दिले आणि आजार बुरशीचा निघाला, तर बुरशी त्या काळात वाढत राहते, रिजेक्शनचा धोका वाढतो आणि योग्य औषध सुरू करायची वेळ येते तेव्हा तेही नीट चालत नाही. खरोखर टीबी निघाल्यास अनेक प्रत्यारोपण केंद्रे रिफॅम्पिसिन टाळून लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे वापरतात किंवा रिफाब्युटिन निवडतात. म्हणून टीबीचे उपचारही प्रत्यारोपण केंद्राला विचारूनच सुरू व्हायला हवेत. याच संदर्भात एक चौकशी करा: या तीन आठवड्यांत "न्यूमोनिया" म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन दिले गेले आहे का? ते औषध टीबीच्या जंतूला अर्धवट दाबते, काही दिवस ताप उतरवते आणि तपासणीचा निकाल धूसर करते. दिले असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

आता बुरशीकडे वळतो. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे असतात, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचण्याइतके बारीक. आपण सगळेच दररोज असे शेकडो बीजाणू आत घेतो. (१७२९ मध्ये मिकेली या इटालियन धर्मगुरूने या बुरशीला नाव दिले ते चर्चमधील पवित्र पाणी शिंपडण्याच्या साधनावरून, आपल्याकडची गुलाबदाणी डोळ्यांसमोर आणली तर सूक्ष्मदर्शकाखाली ती कशी दिसते याची कल्पना येईल.) निरोगी माणसाच्या फुप्फुसातील भक्षक पेशी हे बीजाणू रुजण्यापूर्वीच गिळून टाकतात, आणि त्यांच्यातून सुटून एखाद्या बीजाणूला तंतू फुटलाच तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. स्टिरॉइडची मोठी मात्रा या दोन्ही पहाऱ्यांना सुस्त करते. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही किडनी टिकवणारी दुसरी गोळी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाबतात, आणि वाढलेली साखर उरलेली कसर भरून काढते. आपल्या भावाच्या बाबतीत रिजेक्शनवरचे उपचार ही या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची तारीख आहे. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने सर्वाधिक धोक्याचे असतात असे आपण सांगतो, ते खरेच आहे, पण रिजेक्शनसाठी मोठे उपचार झाले की ते घड्याळ पुन्हा शून्यावर येते. सोळा महिने झाले म्हणून धोका टळला असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही.

कोणता अवयव बदलला यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या नोंदींत, प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात शरीरात कुठेही आक्रमक बुरशीसंसर्ग होण्याचे प्रमाण किडनीच्या रुग्णांत १.३ टक्के, हृदयाच्या ३.४ टक्के, यकृताच्या ४.७ टक्के, फुप्फुसाच्या ८.६ टक्के आणि लहान आतड्याच्या रुग्णांत ११.६ टक्के होते. श्वासातून येणाऱ्या बुरशीबाबत नव्या फुप्फुसाची अवस्था सर्वांत बिकट असते, कारण तो एकमेव असा प्रत्यारोपित घन अवयव आहे जो दर श्वासाला बाहेरच्या हवेशी संबंध ठेवतो, आणि श्वासनलिका जिथे जोडलेली असते तो सांधा रक्तपुरवठा कमी असल्याने बुरशीला आयताच सापडतो. तुलनेने किडनीचा रुग्ण सुरक्षित. परंतु उष्ण-दमट हवा, धूळ आणि मधुमेह यांमुळे आपल्याकडील डॉक्टरांना किडनीच्या रुग्णांतही बुरशी या पाश्चात्य आकड्यावरून वाटेल त्यापेक्षा अधिक वेळा भेटते.

म्युकरविषयी थोडे अधिक लिहितो, कारण साखर वाढलेल्या रुग्णात मला तिचीच सर्वाधिक धास्ती वाटते. २०२१ च्या उन्हाळ्यात ती महाराष्ट्रातील घराघरांत "काळी बुरशी" या नावाने पोहोचली; जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते. त्या साथीत बहुतेकांचे नाक, सायनस आणि डोळे बाधित झाले, म्हणून म्युकर म्हणजे चेहऱ्याचा आजार अशी समजूत पक्की झाली. प्रत्यारोपणाच्या रुग्णात ती फुप्फुसातही तितक्याच सहजपणे शिरते, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत जाते, त्या गुठळ्यांनी बंद करते आणि मागे मृत ऊतीचा गोळा ठेवते. त्या मेलेल्या भागात रक्तच जात नसल्याने शिरेतून दिलेले औषधही तिथवर पुरेसे पोहोचत नाही. सीटीत कधी मध्यभाग फिकट आणि कडा दाट अशी उलटी कडी दिसते, कधी गाठींची संख्या दहाहून अधिक असते, कधी फुप्फुसाभोवती पाणी साठते. ही चिन्हे असतील तर म्युकरचा संशय बळावतो, पण नसतील तर तो संपत नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. अ‍ॅस्परजिलस समजून ते सुरू केले आणि आजार म्युकरचा असला तर उपचार चालू आहेत या समाधानात मौल्यवान आठवडा निघून जातो.

क्रिप्टोकॉकस सहसा प्रत्यारोपणानंतर वर्ष उलटल्यावर दिसतो, म्हणजे काळाच्या हिशेबाने तो आपल्या भावालाही लागू पडतो, जरी इतकी मोठी पोकळी त्याच्या स्वभावात कमी बसते. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत तो वाढतो. त्याची रक्तचाचणी सोपी आणि विश्वासार्ह आहे, ती जरूर करावी. ती सकारात्मक आल्यास डोके दुखत नसले तरी पाठीतील पाणी काढून तपासावे लागते, कारण फुप्फुसातील क्रिप्टोकॉकस मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असेल तर औषधच बदलते. हिस्टोप्लाझ्मा मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातील, पण तो देशात इतरत्रही आढळतो आणि टीबीची हुबेहूब नक्कल करतो. भाऊ कामानिमित्त बंगाल किंवा बिहारकडे राहिला असेल किंवा वटवाघळांच्या जागी गेला असेल तर तसे सांगा. न्यूमोसिस्टिस ही बुरशी पोकळ गाठीऐवजी दोन्ही फुप्फुसांत धुक्यासारखी पसरते आणि रुग्णाला चालताना धाप लावते, त्यामुळे इथे ती माझ्या यादीत खाली आहे. थुंकीच्या अहवालात "कॅन्डिडा" असे आले तर घाबरू नका आणि त्यावर समाधानही मानू नका. कॅन्डिडा तोंडात असतोच, तो न्यूमोनिया जवळजवळ कधीच करत नाही, आणि "बुरशी सापडली" असे म्हणून त्या अहवालावर फ्लुकोनॅझोल सुरू करणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

रक्तातील गॅलॅक्टोमॅनन चाचणीविषयीही गैरसमज आहेत. ही अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतील साखरेची चाचणी आहे. रक्तकर्करोगाच्या, पांढऱ्या पेशी संपलेल्या रुग्णांत ती चांगली चालते. पण घन अवयव बदललेल्या रुग्णांत आजार असूनही रक्तातील चाचणी बहुतेक वेळा नकारात्मक येते. म्युकर तर हा पदार्थ तयारच करत नाही. त्यामुळे "रक्त तपासले, बुरशी नाही" या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. तीच चाचणी फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवावर केली तर तिची उपयुक्तता कितीतरी वाढते. त्यासाठी पुन्हा ब्रॉन्कोस्कोपीकडेच यावे लागते.

ही तपासणी ऐकून वाटते तितकी भयंकर नाही. घसा बधिर करून, थोडी गुंगी देऊन, नाकातून किंवा तोंडातून बारीक लवचिक नळी श्वासनलिकेत नेतात, गाठ असलेल्या भागात थोडे सलाईन सोडून ते परत खेचून घेतात; या सगळ्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्या दिवशी थोडा ताप येणे किंवा ऑक्सिजन थोडा कमी होणे संभवते. तुकडा घ्यायचा असल्यास रक्तस्रावाचा धोका असतो, आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील माप) वाढलेले असेल तर प्लेटलेटची संख्या ठीक असूनही त्या नीट काम करत नाहीत. म्हणून तुकडा घ्यायचा की नुसते धुणे पुरे, हा निर्णय त्या वेळी डॉक्टरांवर सोडावा. गाठ छातीच्या भिंतीला लागून असेल तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली बाहेरून सुईने तुकडा घेणे अधिक सोपे आणि अधिक फलदायी ठरते. त्यात फुप्फुसातून हवा सुटण्याची शक्यता असते, परंतु ती हाताळता येते.

नमुना घेण्याइतकेच तो कुठे आणि कसा जातो हेही महत्त्वाचे आहे, आणि हे मी माझ्या चुकीतून शिकलो आहे. उमेदीच्या काळात एका यकृत-प्रत्यारोपणाच्या रुग्णाचा मोठ्या मुश्किलीने मिळालेला तुकडा मी सगळाच्या सगळा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. पेशींच्या तपासणीत बुरशीचे तंतू दिसले, पण ते इतके विद्रूप झाले होते की अ‍ॅस्परजिलस की म्युकर हे ठरेना, आणि फॉर्मलिनने बुरशी मारून टाकलेली असल्याने कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही उगवणे शक्यच नव्हते. पाच दिवसांनी दुसऱ्यांदा तुकडा घ्यावा लागला. तेव्हापासून मी स्वतः दोन बाटल्या हातात धरून उभा राहतो: एक फॉर्मलिनची, पेशींसाठी, दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनची, कल्चरसाठी. प्रयोगशाळेला आधी फोन करून "प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे, म्युकरचा संशय आहे" असे सांगतो, कारण तुकडा नेहमीसारखा कुटला की म्युकरचे नाजूक, पडदे नसलेले तंतू फुटून मरतात. तो कुटायचा नसतो, बारीक चिरायचा असतो. नोकार्डियाचा संशय कळवला तर ते कल्चर अधिक दिवस ठेवतात. तुम्ही नातेवाईक म्हणून एवढे नम्रपणे विचारू शकता: नमुना टीबीसाठी, बुरशीसाठी आणि नोकार्डियासाठी असा तिन्हींसाठी जाणार आहे ना? टीबीची जीनएक्स्पर्ट चाचणी त्याच दिवशी निकाल देऊ शकते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात नमुना ठेवून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी तासाभरात सांगते की तंतू आहेत की नाहीत, आणि अनुभवी डोळ्यांना ते अरुंद, पडदे असलेले आणि तिरक्या फांद्यांचे आहेत की रुंद फितीसारखे हेही बहुधा कळते. पहिल्या दिवसाचा उपचार ठरवायला एवढे पुरे असते.

नमुना घेतल्यानंतर मात्र निकालाची वाट पाहत बसू नये. आधी नमुना आणि लगेच औषध असा माझा क्रम असतो, आणि या दोन्हींमध्ये काही तासांपेक्षा अधिक अंतर नसावे. तंतूंचा प्रकार कळेपर्यंत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर दोघांनाही पुरे पडते, म्हणून साखर वाढलेल्या रुग्णात मी तिथून सुरुवात करतो. मात्रा अ‍ॅस्परजिलससाठी दर किलो वजनामागे तीन ते पाच मिलिग्रॅम, म्युकरसाठी किमान पाच. जुने, साधे अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त असले तरी ते किडनीच्या रक्तवाहिन्या आकसवते आणि नलिका बिघडवते, म्हणून बदललेल्या किडनीसाठी ते टाळावे. दोन्हींची नावे सारखी आणि मात्रा अगदी वेगळ्या असल्याने बाटलीवरील पूर्ण नाव दर वेळी वाचले गेले पाहिजे. लायपोसोमलसाठी ठरवलेल्या मात्रेत चुकून साधे औषध दिले गेले तर ती जिवावर बेतू शकते. हे औषध सलाईनमध्ये मिसळत नाहीत, ते फाटते. ते डेक्स्ट्रोजमध्येच देतात, म्हणून मधुमेही रुग्णाला त्या वेळी इन्सुलिनचा हिशेब ठेवावा लागतो. किडनी जपण्यासाठी सलाईन वेगळे, आधी दिले जाते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातात, त्यामुळे रोज रक्त तपासणे हा उपचाराचाच भाग समजावा.

(जाता जाता एक गोष्ट, पुण्याच्या वाचकांसाठी. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुळातील हमायसिन हे औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मातीतील जंतूपासून शोधले गेले होते, आणि त्या जंतूच्या नावात पिंपरी अजूनही आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुढे ते बहुतांशी वरून लावण्यापुरतेच उरले.)

अ‍ॅस्परजिलस निश्चित झाला तर पहिली पसंती व्होरिकोनॅझोलला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात बारा आठवड्यांनी जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण व्होरिकोनॅझोल घेणाऱ्यांत सुमारे ७१ टक्के आणि साधे अ‍ॅम्फोटेरिसिन घेणाऱ्यांत सुमारे ५८ टक्के होते, मात्र ते रुग्ण बहुतांशी रक्ताच्या आजारांचे होते. किडनीवर हे औषध थेट आघात करत नाही. त्याची खरी गुंतागुंत टॅक्रोलिमसशी आहे. रिफॅम्पिसिन जे करते त्याच्या नेमके उलट व्होरिकोनॅझोल करते: ते टॅक्रोलिमसचे विघटन रोखते आणि त्याची पातळी कित्येक पटींनी वाढवते. म्हणून व्होरिकोनॅझोलच्या पहिल्या दिवसापासूनच टॅक्रोलिमस नेहमीच्या मात्रेच्या एक तृतीयांशावर आणतात आणि पातळी वारंवार तपासतात. टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन असेल तर ते निम्म्यावर. सिरोलिमस असेल तर ही जोडी टाळतात. हे न केल्यास हात थरथरणे, क्रिएटिनिन वाढणे आणि "बुरशीच्या औषधाने किडनी खराब केली" असा निष्कर्ष, हे ठरलेले. तीन-चार महिन्यांनी व्होरिकोनॅझोल थांबते तेव्हा उलट प्रवास होतो. टॅक्रोलिमस वेळीच वाढवले नाही तर पातळी घसरते आणि रिजेक्शन होते. रुग्ण बरा झाला, सगळे निर्धास्त झाले आणि मग किडनी गेली, असे याच टप्प्यावर घडते. औषध बंद करण्याची तारीख म्हणूनच प्रत्यारोपण केंद्राच्या वहीत आधीपासून लिहिलेली असावी.

व्होरिकोनॅझोलची स्वतःची पातळीही मोजावी लागते, कारण जनुकीय फरकांमुळे एकाच मात्रेने एकात ती अपुरी आणि दुसऱ्यात विषारी ठरते. मिलिलिटरमागे १ ते ५.५ मायक्रोग्रॅम ही साधारण मर्यादा. सुरुवातीला डोळ्यांसमोर रंग चमकणे किंवा नसलेली माणसे दिसणे संभवते. याला नातेवाईक भलतेच घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. उन्हाने त्वचा भाजते, आणि महिनोन्‌महिने घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी आवश्यक. इसाव्ह्युकोनॅझोल हे नवे औषध टॅक्रोलिमसशी कमी भांडते आणि म्युकरवरही चालते. परवडत असेल तर त्याबद्दल जरूर विचारावे. म्युकरमध्ये मात्र केवळ औषधावर विसंबून राहणे मला मान्य नाही. गाठ एकाच भागापुरती असेल तर छातीच्या शल्यचिकित्सकांना पहिल्या दिवसापासून चर्चेत घ्यावे आणि शक्य असल्यास तो भाग काढून टाकावा. पोकळी मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असेल तर अ‍ॅस्परजिलसमध्येही हाच विचार करावा लागतो.

आता किडनी वाचेल का, या प्रश्नाकडे येतो. जिवावर बेतलेल्या संसर्गात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात. बहुधा सर्वप्रथम मायकोफेनोलेट थांबवतात, टॅक्रोलिमस खालच्या पातळीवर ठेवतात आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लहान मात्रेत चालू राहते. ते एकाएकी बंद करत नाहीत, कारण शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची क्षमता झोपलेली असते. यात रिजेक्शनची जोखीम आहेच. पाच महिन्यांपूर्वी एकदा ते झालेले असल्याने आपल्या भावात ती थोडी अधिकच आहे. परंतु किडनीच्या रुग्णाला एक आधार असतो जो हृदय, यकृत किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला नसतो: किडनी गेलीच तर डायलिसिस आहे. म्हणून निवडायची वेळ आलीच तर आम्ही किडनीच्या आधी माणूस निवडतो. हे वाक्य घरच्यांना कठोर वाटते, विशेषतः जिने किडनी दिली त्या आईला, पण ते आधीच बोलून ठेवलेले बरे. प्रत्यक्षात ती वेळ नेहमी येत नाही. संसर्ग एका भागापुरता असताना पकडला गेला, तर फुप्फुस बरे होऊन किडनीही टिकलेले रुग्ण माझ्या बाह्यरुग्ण विभागात येत असतात. औषधे फार झपाट्याने कमी केली तर सुटलेली प्रतिकारशक्ती बुरशीवर तुटून पडते आणि ताप व सीटी काही काळ उलट बिघडतात, हे विशेषतः क्रिप्टोकॉकसमध्ये दिसते. अ‍ॅस्परजिलसची गाठही पहिल्या आठवड्यात मोठी होऊन मगच लहान होऊ शकते. त्यामुळे प्रकृती ढासळत नसेल तर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा सीटी काढण्याचा आग्रह धरू नका. उपचार किमान सहा ते बारा आठवडे, बहुधा अधिकच, चालतील.

आईंच्या शंकेचे उत्तर सरळ आहे. दात्याच्या अवयवातून बुरशी येणे शक्य असते, पण तसे झाल्यास ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि बहुतेकदा खुद्द किडनीत, तिच्या धमनीच्या जोडावर किंवा लघवीत दिसते. सोळा महिन्यांनंतर फुप्फुसाच्या वरच्या भागात उगवलेली गाठ श्वासातून आलेली आहे, किडनीतून नाही. त्यांना हे आजच सांगा. अ‍ॅस्परजिलस किंवा म्युकर माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे त्यासाठी भावाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही. टीबी नाही हे कळेपर्यंत मात्र घरात सर्वांनी मास्क लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

घरातील काळजीबाबत मी मोजक्याच गोष्टी सांगतो, कारण लांबलचक याद्या कोणी पाळत नाही. इमारतीत किंवा शेजारी फोडकाम चालू असेल तर ते संपेपर्यंत दुसरीकडे राहणे, आणि बाहेर पडताना एन-९५ मास्क. शेणखत, कडबा, भुसा, जुने धान्य उपसणे, कुंड्यांची माती बदलणे ही कामे दुसऱ्याने करावीत. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर पहिल्यांदा चालू करताना गेल्या वर्षीच्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या बदलाव्यात, आणि ते काम रुग्णाने करू नये. पारव्यांना दाणे टाकणे आणि बाल्कनीतील त्यांची घाण कोरडी झाडणे बंद. ती आधी ओली करून दुसऱ्याने पुसावी. फळांपैकी पपनस टाळावे, ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकते. साखर काबूत ठेवणे मात्र या सगळ्यांपेक्षा अधिक संरक्षण देते. शिवाय रिजेक्शनच्या उपचारांनंतर कोट्रायमॉक्साझोलची प्रतिबंधक गोळी पुन्हा सुरू झाली होती का, हेही विचारा. ती न्यूमोसिस्टिसपासून चांगले संरक्षण देते, आणि रिजेक्शननंतर ती पुन्हा सुरू करायची राहून जाते असे मी अनेकदा पाहिले आहे.

ब्रॉन्कोस्कोपीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची मात्रांसह यादी, टॅक्रोलिमसच्या गेल्या सहा महिन्यांतील पातळ्या, रिजेक्शनच्या वेळचा बायोप्सीचा अहवाल आणि जुने एक्स-रे सोबत घ्या. प्रत्यारोपणापूर्वीच्या एक्स-रेत त्याच जागी जुना डाग असेल तर सगळा विचार बदलतो. तपासणीपूर्वी दुर्दैवाने अर्धा कप किंवा अधिक रक्त खोकल्यातून आले, डोके सतत दुखू लागले, किंवा नाकातून काळपट स्राव येऊन गालाला बधिरपणा आला, तर दिलेल्या वेळेची वाट पाहू नका. रुग्णाला गाठ असलेल्या उजव्या कुशीवर झोपवून, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही, थेट प्रत्यारोपण केंद्राच्या तातडीच्या विभागात न्या.